आधी बोलायची पाळी

१

रविवारी दुपारी ताईकडे जमून पोकर खेळायचं, हा आमचा बऱ्याच वर्षांचा नेम होता. ताई, भाऊजी, मी आणि माझी बायको. पैसे लावून कधी खेळलो नाही. ताईचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, त्यामुळे घरात बटणांचा सुकाळ. पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात सगळी भरलेली. शर्टाचं पांढरं बटण हलकं, कोटाचं काळं बटण भारी. तीच लावायची, तीच जिंकायची, आणि उठताना पुन्हा डब्यात ओतून टाकायची.

चौघांत सगळ्यात चांगली खेळायची ती माझी बायको. ती नर्स आहे. काहीही कळलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, ही सवय तिला नोकरीनंच लावली. सगळ्यात वाईट खेळायचे भाऊजी. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा सरळ माणूस. स्वतःच्या घरात खिडकी उघडतानाही "चालेल ना?" विचारणार. हातात दोन एक्के असले तरी समोरच्यानं जरा जोर केला की पत्ते टाकून मोकळे. "असेल बाबा तुझ्याकडे काहीतरी," म्हणायचे आणि आमच्याबरोबर स्वतःवर हसायचे.

मग मध्ये दोन-तीन महिने खेळ बंद पडला. बायकोला रविवारची पाळी लागली, आणि ताईनंही बोलावणं सोडलं. मी फारसा विचार केला नाही. एक दिवस तिचाच फोन आला.

"रविवारी येतोस?"

"येतो की. पण हिची ड्युटी आहे. सुटली की मला न्यायला येईल फार तर."

"तू एकटाच ये. यांच्याशी खेळायला कोणीतरी हवंय. म्हणजे शेवटपर्यंत खेळणारं. सगळे मध्येच पत्ते टाकून निघून जातात."

"भाऊजींसमोर? पत्ते टाकून?"

मी हसलो. ती हसली नाही.

२

भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, भिंतीला पाठ लावून. मी आलो तेव्हा ते उठले नाहीत. एरवी दारापर्यंत येऊन माझ्या हातातली पिशवी घेणारा माणूस. गळ्याची हाडं वर आली होती, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. पुढ्यात पत्त्यांचा जोड होता आणि ते पत्ते पिसत होते.

"बस," ते म्हणाले. त्यात "चालेल ना" नव्हतं.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. ताई ओट्याला टेकून उभी होती.

"काय झालंय त्यांना?"

"गुडघा धरलाय म्हणतात. पाय जड झालाय. दोन डॉक्टर झाले, फोटो काढले, काही निघालं नाही. रजेवर आहेत."

"झोपतात कुठं?"

"तिथंच. खुर्चीत." तिनं आवाज खाली आणला. "आत चला म्हटलं तर म्हणतात, नको, तू आत झोप, दार लावून घे."

"कधीपासून?"

"त्यांच्या ऑफिसातला एकजण घरी आला होता. नवीनच बदलून आलेला. बिचारा पाय ओढत आला होता, मीच जिन्यात हात दिला त्याला. खेळायचा फार आग्रह केला त्यानं. आणि हे जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा जिंकले असतील. मला हाक मारून पत्ते दाखवले."

"मग?"

"मग काही नाही. तो उठला, पायात चपला न घालता जिना धावत उतरला. हे तेव्हापासून बसलेत."

मी लोकांना कानाची यंत्रं बसवून देतो. माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते: माणसाच्या शरीराचं काहीतरी बिघडतं आणि घरचे त्याला भलताच अर्थ लावत बसतात. भाऊजींना नैराश्य आलं असणार, असं मी मनाशी ठरवलं. चांगल्या डॉक्टरचा नंबर ताईला द्यायचा, आज दोन डाव खेळून त्यांना जरा खुलवायचं.

"खेळ तू," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

३

पहिल्याच डावात मला कळलं की ताईच्या ओळखीचे लोक उठून का जात असतील.

भाऊजी आपले पत्ते बघतच नव्हते. दोन पत्ते वाटायचे, स्वतःचे दोन पालथे ठेवायचे, त्यावर तळहात दाबून धरायचा आणि म्हणायचं, "वाढवतो." मूठभर काळी बटणं पुढे. मी बरोबरी केली की मधले पत्ते उघडायचे आणि पुन्हा, "वाढवतो." आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर रागही नाही. नुसती नजर माझ्यावर रोखलेली. हातात काही नसताना त्या नजरेसमोर बसणं जड जात होतं. मी पत्ते टाकले. पुढच्या डावातही टाकले. मी पत्ते टाकले की त्यांचे खांदे जरा सैल व्हायचे.

"जातोस?" प्रत्येक डावानंतर ते विचारायचे.

"आत्ता तर आलोय, भाऊजी."

मग ते पुन्हा वाटायला घ्यायचे. पत्ते मला देतच नव्हते. "मीच वाटणार," एवढंच.

ताई टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसली होती. खेळत नव्हती. दोन्ही हातांत चहाचा कप होता आणि चहावर साय धरली होती.

त्या शांततेत मला एक आवाज जाणवला. हलका, मऊ, एका लयीत येणारा. कापडावर तळवा पडल्यासारखा. थप. थप. थप. सवयीनं मी तो कुठून येतोय ते शोधू लागलो. पडद्याची दोरी खिडकीवर आपटत असेल, पण वारा नव्हता. धुण्याचं मशीन असेल, पण ते बाथरूममध्ये आणि दार बंद. कधी कधी माणसाला स्वतःच्याच नाडीचा ठोका कानात ऐकू येतो, रोज एक तरी पेशंट ती तक्रार घेऊन येतो. मी मनगटावर बोट ठेवून पाहिलं. नाडी त्या आवाजाच्या दुप्पट वेगानं चालली होती.

"ताई, हा आवाज कसला?"

"कुठला?" ती पटकन म्हणाली. न ऐकू येणारा माणूस आधी जरा थांबतो, कान देतो. ती थांबली नाही.

४

चौथ्या की पाचव्या डावाला मला दोन राजे आले. बदामाचा आणि किलवरचा.

पोकर न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाकडे दोन पत्ते झाकलेले असतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडत जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक वेळी पैज लागते. वाटणारा शेवटी बोलतो. म्हणजे भाऊजी वाटत होते तोवर प्रत्येक फेरीत आधी बोलायची पाळी माझी. हे तोट्याचं असतं. तुम्ही अंधारात बोलता, समोरचा तुमचं ऐकून ठरवतो.

पण हातात दम असेल आणि समोरचा सारखा अंगावर येणारा असेल, तर यावर एक उपाय आहे. गप्प राहायचं. पास म्हणायचं, हात कमजोर असल्यासारखं दाखवायचं, आणि त्याला वाढवू द्यायचं. तो वाढवेल तेवढी मुकाट्यानं बरोबरी करायची. तो स्वतःहून आत चालत येतो. ही युक्ती बायकोला मी शिकवली होती, पुढे ती माझ्यावरच चालवायची.

पहिले तीन पत्ते उघडले. इस्पिकचा राजा, सत्ती, तिर्री.

तीन राजे. मी चेहरा दगडाचा केला.

"पास," मी म्हणालो.

"वाढवतो."

मी बरोबरी केली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ मी दुसऱ्याच फेरीला पत्ते टाकत होतो, यावेळी टाकले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला.

चौथा पत्ता दुसरी सत्ती निघाला. तीन राजे, दोन सत्त्या. असा हात वर्षातून एखाद्या वेळी येतो. याला हरवायला समोरच्याकडे उरलेल्या दोन्ही सत्त्या असायला हव्यात, आणि त्यानं तर आपले पत्ते पाहिलेच नव्हते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी भाऊजींची तब्येत विसरलो होतो, ताईचा चेहरा विसरलो होतो. फक्त तो हात दिसत होता.

"पास."

"वाढवतो," भाऊजी म्हणाले, आणि डब्यातून ओंजळ भरून बटणं पुढे लोटली. "विचार कर. माझ्याकडे खूप मोठं आहे. टाक पत्ते."

"असेल," मी म्हणालो आणि तेवढीच ओंजळ पुढे सरकवली.

थप थप आता जलद झाली होती.

५

सरकवताना एक काळं बटण काठावरून घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. मी वाकलो.

ताईच्या टेबलावर लांब कापड असतं, जमिनीपर्यंत आलेलं. ते वर करून मी आत डोकं घातलं. आतला उजेड पिवळसर होता. बटण पलीकडे, भाऊजींच्या खुर्चीपाशी पडलं होतं.

त्यांचे पाय आधी दिसले. अनवाणी होते. दोन्ही पायांची बोटं फरशीत रुतवल्यासारखी वाकलेली, पांढरी पडलेली. टाचा उचललेल्या. सगळा जोर लावून खुर्ची मागे ढकलायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचे पाय असतात तसे. खुर्ची तसूभर हलत नव्हती.

आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर एक हात होता.

तो गुडघा थोपटत होता. तान्ह्या मुलाला निजवताना थोपटतात तसा, प्रेमानं, घाई न करता. मनगटापर्यंत दिसत होता. त्यापुढे टेबलाच्या पायाची सावली होती, आणि त्या सावलीत मी बघितलं नाही. बघायचं नाही हे माझ्या आधी माझ्या मानेला कळलं होतं.

थोपटणं थांबलं. मी बघतोय हे त्याला कळलं असावं. बोटं जरा पसरली, जणू कोणी हात वर करून नमस्कार स्वीकारतंय.

मी वर आलो तेव्हा डोकं टेबलाला आपटलं. भाऊजींचे दोन्ही हात टेबलावर, पालथ्या पत्त्यांवर. ताईचे दोन्ही हात कपाभोवती. मी ते मोजल्यासारखे पुन्हा पुन्हा पाहिले.

"सापडलं बटण?" ताईनं विचारलं.

"नाही."

मला आठवतंय, मी स्वतःला समजावलं. डोक्यात रक्त उतरलं होतं, उजेड कमी होता, त्यांच्या मांडीवर रुमाल किंवा गरम पाण्याची पिशवी असेल. गुडघा दुखणारा माणूस पिशवी ठेवणारच. हे सगळं मी अगदी नीट, ओळीनं समजावलं. तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण पुढ्यात तीन राजे होते, आणि ज्यानं मध्येच उठायचं त्यानं पत्ते टाकायचे असतात.

६

पाचवा पत्ता उघडला. पंजी. तिनं काही बदललं नाही.

"पास," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

भाऊजींनी अख्खा डबा उचलला आणि माझ्यासमोर उपडा केला. बटणं टेबलभर पसरली, खाली सांडली, भिंतीपर्यंत गेली. बटणं पडायची थांबल्यावर ते म्हणाले, "सगळं. आता टाक. टाक आणि घरी जा."

"टाकून दे," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "ऐक माझं. मी उगाच बोलावलं तुला. टाकून दे आणि जा."

लहानपणापासून ताईला माझा स्वभाव माहीत आहे. जिंकणारा हात मी टाकत नाही. आईनं जेवायला हाका मारल्या तरी टाकायचो नाही. तिनं मला बोलावलं ते यासाठीच, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. मला वाटलं ती नवऱ्याची बाजू घेतेय.

"बघतो," मी म्हणालो आणि दोन राजे उलटे केले.

भाऊजींनी त्या राजांकडे पाहिलं. मग आपले पत्ते उलटले, तेही पहिल्यांदाच बघत होते. एक नव्वी, एक दुर्री. काहीच नाही.

त्यांचा चेहरा सुटला. त्या हाडांतून माझे ओळखीचे भाऊजी बाहेर आले.

"मी तुला हाकलत होतो रे," ते म्हणाले. "दुसरं काही बोलता येत नाही. फक्त वाढवता येतं. सगळे घाबरून गेले. तू का नाही गेलास?"

ते उठले. अगदी सहज, पाय सरळ करून. दारापर्यंत चालले, मग जिन्यात त्यांची पावलं धावू लागली.

ताई उठली. माझ्यामागून जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान असताना ठेवायची तसा. "मी त्यांना बघून येते," म्हणाली. दार तिनं ओढून घेतलं नाही. तिची पावलंही जिना उतरत गेली आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळली.

माझ्या उजव्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. मऊ, कोमट. थोपटू लागलं.

मी खाली पाहिलं नाही.

७

उठता येतं. मी प्रयत्न केला. पाय ओढत दारापर्यंत जाता येतं, आणि मग तुम्ही एकटे नसता. तुमच्या पायाच्या मागे फरशीवर आणखी एक घसटणारा आवाज असतो. मी उंबरठ्यावर उभा राहिलो आणि माझ्या घराचा विचार केला. आमची दोन खोल्यांची जागा, पलंगाखालची मुलीची खेळणी. ती खाली बसून, पलंगाखाली हात घालून खेळणी शोधते. मी परत फिरलो आणि भाऊजींच्या खुर्चीत बसलो. भिंतीला पाठ लागली तेव्हा जरा बरं वाटलं. ताईला ते आत झोपून दार लावून घ्यायला का सांगत होते, ते मला कळलं.

ताईला फोन लावून पाहिला. तो स्वयंपाकघरात वाजला.

बायको आली तेव्हा अजून ऊन होतं. दार उघडं बघून ती हाक मारत आत आली, खांद्याला पर्स, केस आवळून बांधलेले.

"हे काय, बटणं सगळीकडे? ताई कुठंयत?"

मला सांगायचं होतं, आत येऊ नकोस. मी तोंड उघडलं तसा गुडघ्यावरचा हात जड झाला, आणि शब्द घशातच बसले. पुन्हा प्रयत्न केला. हात आणखी जड झाला, बोटं जरा आवळली. रागानं नाही. रडणाऱ्या मुलाला उगी करतात तसं.

"खाली गेलेत दोघं," माझ्या तोंडून निघालं. एवढं बोलू दिलं.

"तुझा चेहरा कसा झालाय. भांडलात का?" तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली. मग समोरची खुर्ची ओढली आणि बसली. "बोलायचं नसेल तर नको बोलूस. ते येईपर्यंत एक डाव खेळू. कितीतरी दिवसांत खेळलो नाही."

माझे हात पत्ते पिसत होते. ते कधी सुरू झाले मला माहीत नाही.

मी वाटले. माझे दोन पालथे ठेवून त्यावर तळहात दाबला. न बघता वाढवलं. तिनं आपले पत्ते पाहिले, आणि तिचा चेहरा कोरा झाला. तिचा तो कोरेपणा मी ओळखतो. काहीच नसतं तेव्हा ती बडबड करते.

मधले पत्ते उघडले.

"पास," ती म्हणाली, अगदी बिचाऱ्या आवाजात.

मी टेबलावर हाताला लागतील तेवढी बटणं पुढे लोटली. तिनं बरोबरी केली. पुन्हा पास. मी पुन्हा लोटली. माझ्याकडे एवढा एकच शब्द उरला होता आणि तो मी जमेल तितक्या जोरानं म्हणालो. "वाढवतो." म्हणजे जा. "वाढवतो." म्हणजे उठ, पर्स घे, पोरीला घे, लांब जा.

"आज फारच चढलाय तुला," ती म्हणाली. "बघते."

तिनं दोन गुलाम उलटले, तिसरा मध्ये होताच. मी डोळे मिटून माझे पत्ते उलटे केले. थोपटणं थांबलं होतं. मी वाट पाहिली.

"अरे देवा," तिनं म्हटलं. "पाचही बदाम. आणि तू बघितलेही नव्हतेस."

मी डोळे उघडले. माझे दोन बदाम, मधले तीन बदाम. मी जिंकलो होतो. ती सुटली होती. माझ्या गुडघ्यावर पुन्हा हळूच थाप पडली, आणि मला इतका आनंद झाला की मी हसलो असेन, कारण तीही हसली.

"असं नाही सोडणार तुला," ती म्हणाली. "मुलगी आईकडे आहे, मला काही घाई नाही."

तिनं पायातले बूट काढून टेबलाखाली सरकवले, खुर्ची पुढे ओढली आणि पत्ते पिसायला घेतले.